घर तारण मिळणार नाही

"वहिनी, रागावू नका, पण तुमचं हे घर नुसतं बसून खातंय," असं म्हणत काका खुर्चीत बसले आणि जे बसले ते थेट आतच गेले. त्या खुर्चीतला फोम आईने सकाळीच उपसून काढला होता. गुडघे कानाशी, फाईल पोटाशी, आणि चेहऱ्यावर मात्र 'मला असंच बसायचं होतं' असा भाव.

मॅनेजर खो-खो हसली. बाबांनी डोळे वटारले. आई हसली नाही, कारण तिच्या तोंडात खिळे होते.

आईचं कामच तसं. घराच्या तळमजल्यावरची पुढची खोली म्हणजे तिचा कारखाना. लोकांचे सोफे, दवाखान्यातले बाक, न्हाव्याच्या फिरत्या खुर्च्या, सगळे तिथे उघडेबोडके होऊन पडलेले असत. जुनं कापड सोलायचं, आतल्या स्प्रिंगा ताणायच्या, नवा फोम, नवं कापड, की खुर्ची नवरीसारखी नटून परत. बारीक काळे खिळे ती मूठभर तोंडात टाकायची, जिभेने एकेक ओठांवर आणायची आणि हातोडीच्या लोहचुंबकाने उचलून ठोकायची. अकरा वर्षांत तिने एकही खिळा गिळला नव्हता. पण त्या खिळ्यांपायी तिने शब्द किती गिळले होते, त्याला गणती नाही. काका आले की तिच्या तोंडात हटकून खिळे असत.

"बसून खातंय म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"दादा, हे घर आज पंचाऐंशी लाखांचं आहे. कर्ज फिटून दोन वर्षं झाली. बँक यावर पन्नास लाख डोळे मिटून देईल. आणि तू काय करतोयस? त्यात झोपतोयस! अरे, घराला कामाला लाव. घर बँकेकडे तारण ठेव, आलेल्या पैशांत दोन फ्लॅट घे, भाड्याने दे. भाडेकरू हप्ता भरणार, तू आरामात बसणार." काका हात उंचावून बोलत होते आणि दर वाक्यागणिक खुर्चीत बोटभर आणखी खाली जात होते.

बाबा गेली वीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक होते. दुसऱ्यांना वर नेण्यात उमर गेली, असं ते स्वतःच म्हणत. धाकटा भाऊ जागा विकणारा एजंट, गाडीतून फिरणारा. त्यामुळे धाकट्याने काही सांगितलं की बाबांची मान आपोआप हलायला लागायची.

"मॅनेजर, टेबल मांड!" बाबा म्हणाले.

मॅनेजर म्हणजे या घरातली एकुलती एक मुलगी, दहावीतली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिचं नाव 'शेपूट' होतं, कारण ती कायम कोणाच्या तरी मागे असायची आणि पाहुणे आले की पडद्याआड जायची. मग एकदा वर्गात सरांनी फळ्यावर चक्रवाढ व्याजाचं उदाहरण चुकवलं आणि शेपटाने उभं राहून ते सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. सर म्हणाले, "शाब्बास." त्या एका शब्दाने काय जादू केली कोण जाणे, पण त्यानंतर शेपूट जे सुटलं ते सुटलंच. परीक्षेत शंभरापैकी अठ्ठ्याण्णव, वर्गाची प्रतिनिधी, आणि घरात बढती होऊन थेट मॅनेजर. आता घरात दूधवाल्याचा हिशोबसुद्धा तिला विचारल्याशिवाय पुढे जात नसे.

तिने आईच्या कापड बेतायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारलं, चपटा खडू उचलला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे काकांचा बेत, उजवीकडे आईचा.

आईचा बेत साधा होता. तिच्या नावावर चोवीस लाख साठलेले होते, खुर्च्या ठोकून ठोकून. त्यातून बसस्टॉपजवळच्या जुन्या इमारतीतलं एक खोली-स्वयंपाकघर घ्यायचं. अठरा लाख. मालकीण निवृत्त नर्स, ओळखीची. भाडं अकरा हजार. कर्ज नाही, हप्ता नाही. फक्त जागा तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही.

"लिफ्टवाल्याने बिनलिफ्टच्या इमारतीत घर घ्यायचं!" काका खदाखदा हसले. "दादा, तुझ्या कंपनीत कळलं तर पेढे वाटतील."

डावीकडे मॅनेजरने लिहिलं: दोन फ्लॅट, साठ लाख. घरावर कर्ज पन्नास, बचतीतून दहा. भाडं अठ्ठावीस अधिक अठ्ठावीस, छप्पन्न हजार. हप्ता बेचाळीस हजार. हातात महिन्याला चौदा हजार. शिवाय बचतीतले चौदा लाख शिल्लक. शिवाय वीस वर्षांनी दोन फ्लॅट आपले.

उजवीकडे: हातात अकरा हजार. बचतीतले सहाच लाख शिल्लक. एक जुनी खोली आपली.

शेवटी तिने डाव्या बाजूला भलंमोठं बरोबरचं चिन्ह काढलं. "काका जिंकले. आई, सॉरी हं, पण आकडे कोणाचे काका-मामा नसतात."

"वा रे पठ्ठी!" काका ओरडले. "वहिनी, बघा. अठ्ठ्याण्णव मार्कवाली बोलतेय. पुढच्या रविवारी फॉर्म आणतो. घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा सही दोघांची लागेल."

आईने ओठांवरचा खिळा हातोडीवर घेतला, ठोकला, आणि तेवढ्या फटीतून म्हणाली, "विचार करते."

"विचार काय करायचा त्यात?" बाबा वैतागले. "पोरीने मांडून दाखवलं ना!"

आईने मॅनेजरकडे पाहिलं. रागाने नाही. न्हाव्याची खुर्ची आली की ती आधी हाताने दाबून बघते ना, आत काय मोडलंय ते, तसं पाहिलं. मॅनेजरला ते मुळीच आवडलं नाही.

*

शनिवारी बाबा आणि मॅनेजर फ्लॅट बघायला गेले. आई म्हणाली, दवाखान्याचे सहा बाक सोमवारी द्यायचेत, तुम्ही जा.

इमारत होती मात्र झोकात. दहा मजले, मजल्यावर चार घरं, खाली काचेचं दार, दाराशी दोन कुंड्यांत दोन झाडं, इतकी हिरवी की मॅनेजरने नख लावून बघितलं. प्लॅस्टिक. काका पुढे, बाबा मागे, आणि मॅनेजर सगळ्यांच्या मध्ये, कारण शेपूट व्हायचं तिने आता सोडलं होतं.

"चाळीसपैकी छत्तीस विकले गेले," काका म्हणाले. "उरले चार. त्यातले दोन तुझ्यासाठी अडवून ठेवलेत. लोक रांगेत आहेत, दादा."

आठव्या मजल्यावरचा फ्लॅट उजेडाने भरलेला, भिंतींना नवीन रंगाचा वास. मॅनेजरने खिडक्या उघडून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, टाळी वाजवून घुमणारा आवाज ऐकला. तिच्या डोळ्यांसमोर छप्पन्न हजार नाचत होते.

काकांना फोन आला आणि ते गॅलरीत गेले. बाबांचे पाय मात्र आपोआप जिन्याकडे वळले. वीस वर्षांची खोड. कुठल्याही इमारतीत गेले की इतर लोक देखावा बघतात, बाबा गच्चीवरची मशीन-रूम बघतात. इथल्या लिफ्टचं काम त्यांच्याच कंपनीकडे होतं, त्यांचा जुना जोडीदार दर महिन्याला येऊन तेलपाणी करायचा, आणि कंपनीची चावी तर बाबांच्या कमरेलाच असायची.

मशीन-रूममध्ये दाराला दोरीने एक वही लटकत होती. बाबांनी मोटरवरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. "बघ, कशी मऊ चालते. बेअरिंग अजून कोरं आहे."

मॅनेजरने वही उघडली. "बाबा, हे काय? दर महिन्याला मोठा आकडा लिहिलाय."

"ते काउंटर. लिफ्टने किती फेऱ्या केल्या ते यंत्र मोजतं. मेकॅनिकने दर भेटीला तो आकडा उतरवायचा, म्हणजे दोर किती झिजला त्याचा अंदाज येतो." बाबा खुशीत आले. कामाबद्दल कोणी विचारलं की ते दहा वर्षांनी लहान व्हायचे. "माझा एक ठोकताळा आहे. एका कुटुंबाच्या दिवसाला दहा फेऱ्या. शाळा, नोकरी, भाजी, विसरलेली छत्री. दहा धर. वहीत बघून मी सांगतो, इमारतीत किती घरं नांदतात."

"मग सांगा."

"तूच सांग. मॅनेजर कोण आहे?"

मागच्या महिन्यात एकवीस हजार चारशे ऐंशी. या महिन्यात तेवीस हजार एकशे तीस. मॅनेजरने वजाबाकी केली. सोळाशे पन्नास. भागिले तीस.

"पंचावन्न," ती म्हणाली.

"पंचावन्न घरं? इथे चाळीसच आहेत. चुकलीस."

"पंचावन्न घरं नाही, बाबा. दिवसाला पंचावन्न फेऱ्या."

बाबांचा हात मोटरवर होता तिथेच राहिला. त्यांनी वही स्वतः घेतली. एक पान उलटलं, मग दुसरं, मग एकदम पहिलं. इमारत उभी राहून दीड वर्ष झालं होतं, आणि पहिल्या महिन्यापासून आकडा असाच मुंगीच्या चालीने चालला होता.

"म्हणजे पाच-सहा घरं," मॅनेजर हळूच म्हणाली. "आणि त्यातल्या काही फेऱ्या तर काकांसारख्यांच्या. लोकांना फ्लॅट दाखवायला."

"नवीन इमारत आहे," बाबा म्हणाले. "भरेल हळूहळू."

"पण छत्तीस विकले गेलेत ना?"

"विकले गेलेत."

"मग ते छत्तीस जण कुठे आहेत?"

बाबांनी वही पुन्हा दोरीला लटकवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली. "हे बघ, मी तुझ्या काकाला शब्द दिलाय. आईला आत्ताच काही बोलू नकोस. ती आधीच घाबरट आहे."

मॅनेजर आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टने न जाता दहा मजले पायऱ्यांनी खाली उतरली. दर मजल्यावर चार दारं. दारांबाहेर चपला नाहीत, पायपुसणी नाहीत, एकाही दाराआडून कुकरची शिट्टी नाही. पाचव्या मजल्यावर मात्र एका दाराशी लहान मुलाची तीनचाकी दिसली, तेव्हा तिला माणूस भेटल्यासारखा आनंद झाला.

खाली रखवालदार खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. त्याच्या मागे भिंतीवर एक फळी, आणि फळीवर चाव्याच चाव्या.

"मामा, इथे भाड्याने घर आहे का एखादं?" तिने विचारलं.

रखवालदाराने पेपर खाली ठेवला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती भर समुद्रात उभी राहून पाणी मागत होती. "एखादं? कितव्या मजल्यावर हवं? कुठल्या बाजूच्या खिडक्या हव्यात? सकाळचं ऊन हवं की संध्याकाळचं? एकोणतीस चाव्या आहेत, बाळ. मालक लोक रोज फोन करून विचारतात, कोणी आलं का. मी म्हणतो, हो, कबुतरं आली."

"आणि भाडं? अठ्ठावीस हजार?"

"अठ्ठावीस बोलतात. बावीसला देतात. पहिला महिना फुकट. आणि कॉलेजची पोरं राहतात, ती परीक्षा झाली की पसार. वर्षातले तीन महिने कुलूपच. देखभालीचे तीन हजार मालकाने भरायचे ते वेगळेच." मग त्याने आवाज खाली आणला. "सहाव्या मजल्यावरचं घ्या ना. चांगलं आहे. तुम्ही ज्यांच्याबरोबर आलात ना, त्या एजंटसाहेबांचंच. सात महिने झाले, पडून आहे. स्वतःचं राहतं घर तारण ठेवून घेतलंय म्हणे बिचाऱ्यांनी."

लिफ्टचं दार उघडलं आणि आतून काका आणि बाबा बाहेर आले. काका हसत होते. तिला पहिल्यांदाच दिसलं की काका हसताना डोळे हसत नाहीत. ते कधीचे थकलेत.

परतीच्या वाटेवर मॅनेजर गाडीच्या खिडकीला टेकून मनात आकडे पुन्हा मांडत होती. मॅनेजरचा सगळा राग काकांवर असायला हवा होता, पण तो सारखा उलटा फिरून तिच्याकडेच येत होता. भाडं अठ्ठावीस, हे कोणी सांगितलं? काकांनी. वर्षाचे बारा महिने भाडं येणार, हे कोणी धरलं? तिने. कोणीही न विचारता तिने स्वतः, अठ्ठ्याण्णव मार्कांच्या तोऱ्यात. तीन महिने कुलूप पडू शकतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण गणिताच्या पुस्तकातला भाडेकरू कधीच घर सोडून जात नाही.

*

रविवारी दुपारी काका फॉर्म घेऊन आले. या वेळी त्यांनी खुर्ची आधी हाताने दाबून पाहिली.

आई शेवटच्या बाकावर वाकली होती, तोंडात खिळे. बाबांनी पेनचं टोपण काढून ठेवलं होतं. टेबलावर मॅनेजरचा खडूचा हिशोब अजून तसाच होता, आठवडाभर आईने त्याच्या कडेकडेने कापड बेतलं होतं, पण पुसला नव्हता.

"इथे दादाची सही, इथे वहिनींची," काका म्हणाले. "चटकन आटपू."

मॅनेजरने ओलं फडकं घेतलं आणि डावी बाजू पुसून टाकली. मोठं बरोबरचं चिन्हसुद्धा.

"अगं, हे काय!" बाबा म्हणाले.

"चुकलं होतं. पुन्हा मांडते."

"आता नको."

"आताच."

"मॅनेजर," काका गोड आवाजात म्हणाले, "मोठ्यांचं चाललंय ना? तू जा, अभ्यास कर."

"हाच अभ्यास आहे, काका. मागच्या रविवारी मी तुमच्या बाजूने बोलले तेव्हा मी मोठी होते ना? आठवड्यात लहान कशी झाले?"

आईच्या हातोडीचा आवाज थांबला.

मॅनेजरने खडू दाबून लिहिलं. भाडं बावीस अधिक बावीस. महिने नऊ. हप्ता बेचाळीस, महिने बारा. देखभाल सहा, महिने बारा. येणार तीन लाख शहाण्णव हजार. जाणार पाच लाख शहात्तर हजार. "वर्षाला एक लाख ऐंशी हजार आपण खिशातून घालायचे. भाडेकरू हप्ता भरणार, असं तुम्ही म्हणालात. उलट आपणच भाडेकरूला पोसणार."

"हे कुठून आणलंस?" काकांचा गोडवा गेला.

"रखवालदाराकडून. आणि लिफ्टकडून."

"लिफ्टकडून! दादा, ऐकलंस? तुझी पोरगी आता लिफ्टशी गप्पा मारते!"

बाबा लाल झाले. "तूच तर मांडलं होतंस ना गं टेबल? तुझ्या भरवशावर मी हो म्हणालो! आता माझ्या भावासमोर—"

"हो, मीच मांडलं होतं. मीच चुकले. ठसठशीत चुकले, आईला सॉरीसुद्धा म्हणाले चुकीच्या जागी." तिने खडू बाबांकडे रोखला. "बाबा, एकच सांगा. सहा माणसांची लिफ्ट तुम्ही पास कशी करता?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांगा ना."

बाबांच्या तोंडून सवयीनेच उत्तर बाहेर पडलं. "वजनं टाकून. क्षमतेच्या सव्वापट. वर न्यायची, खाली आणायची, मध्येच ब्रेक मारायचा. धरला तर पास."

"आणि मालक म्हणाला, वजनं कशाला, सगळं ठीक आहे, सही करा, तर?"

"सही करत नाही. आयुष्यात केली नाही."

"मग आज कशी करताय? या लिफ्टमध्ये तर आपण तिघं बसणार आहोत." तिने खडू टेबलावर आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. "टाकू वजन? दोन्ही फ्लॅट रिकामे. दर महिन्याला अठ्ठेचाळीस हजार. शिल्लक चौदा लाख. किती दिवस धरेल? एकोणतीस महिने. त्यानंतर बँक हे घर नेणार. वरच्या खोल्या, खालचा कारखाना, आईचं हे टेबल, सगळं. आणि आईची खोली रिकामी राहिली तर? काही नाही. भाडं बुडेल. हप्ताच नाही, तर कोण येणार घर न्यायला?"

"असं कुठे असतं का, दोन्ही रिकामे!" काका उसळले. "नकारघंटा! असे लोक आयुष्यभर खुर्च्याच ठोकत बसतात!"

हे मात्र जास्त झालं. मॅनेजरने काकांकडे सरळ बघितलं. तिला ते विचारायचं नव्हतं, खरंच नव्हतं.

"काका, सहाव्या मजल्यावरचा तुमचा फ्लॅट किती महिने रिकामा आहे?"

बाकाच्या आतली एक स्प्रिंग उगाचच टुणकन वाजली.

"तुझा फ्लॅट?" बाबा म्हणाले. "तू तिथे घेतलायस?"

काकांनी फॉर्मची पानं जुळवली. जुळलेलीच होती, तरी जुळवली. "सात महिने. भरेल. जरा आधार मिळाला की... तुमच्या दोन फ्लॅटचं कमिशन आलं असतं तर माझे दोन-तीन हप्ते..." आणि मग त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो.

आईने ओंजळ तोंडाशी धरली आणि सगळे खिळे काढून टेबलावर ठेवले. हा कारखाना सुरू केल्यापासून आज पहिल्यांदा दिरासमोर तिचं तोंड पूर्ण रिकामं होतं.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्हाला अडचण आहे, तर अडचण म्हणून या. दार उघडं आहे. पैसे लागले तर बोला, बसू, बघू. पण माझं घर तारण मिळणार नाही. आज नाही, उद्या नाही, तुम्ही इमारतीसकट चंद्र आणून दिलात तरी नाही. मी भित्री आहे म्हणून 'नाही' म्हणतेय, असं समजू नका. मला माहितीये मी काय ठोकलंय, एकेक भिंत. खुर्च्याच ठोकत बसते, हो. त्या खुर्च्यांनी या घराचं कर्ज फेडलंय."

"दादा," काका उठले, "तुझ्या घरात कोणाचं चालतं, ते तू ठरव. बायकोचं, की या एवढ्याशा पोरीचं? तूच सांग."

बाबांनी पेन उचललं. मग त्यांनी टोपण शोधलं, ते टेबलाखाली गेलं होतं, वाकून काढलं, आणि पेनला लावलं.

"दोन सह्या लागतात म्हणालास ना," ते काकांकडे न बघता म्हणाले. "तर दोन्ही नाहीत."

*

त्यानंतर काय गोडगोड झालं, असं कोणी समजू नये. काकूचा फोन आला: "आमच्यात मुली मोठ्यांना असं उघडं पाडत नाहीत." आत्याचा फोन आला: "चोंबडी झालीये, आवरा." बाबा चार दिवस घरात फक्त 'मीठ दे' आणि 'दिवा घालव' एवढंच बोलले. मॅनेजरला आतून वाईट वाटत होतं, सहाव्या मजल्याचं सगळ्यांसमोर काढल्याबद्दल. पण पुन्हा तोच रविवार आला तर ती पुन्हा विचारेल, हेही तिला ठाऊक होतं. आत्याला तिने फोनवर सांगितलंही, "आत्या, चोंबडी तर चोंबडी. घर तर आहे!"

पाचव्या दिवशी बाबा पगार झाल्यावर काकांकडे गेले आणि त्यांच्या एका हप्त्याचे पैसे देऊन आले. सहावा मजला विकून टाक, तोट्यात का होईना, असंही सांगून आले. काकांनी पैसे घेतले, सल्ला घेतला नाही.

आणि आईचा बेत? आईने तोसुद्धा तसाच सोडला नाही. "माझ्याही बाजूवर टाक वजन," ती मॅनेजरला म्हणाली. "तुझ्या आईची लिफ्ट म्हणून सवलत नको."

मग मॅनेजरने उजवी बाजूही निर्दयपणे पुसून मांडली. अठरा लाखांवर नोंदणीचा खर्च लाखभर. गळका नळ, तडकलेली फरशी, साठ हजार. वर्षातला एक महिना रिकामा. हाताशी उरणार चार लाख चाळीस हजार. म्हणजे आईला हवं असलेलं जाड कापडाचं शिलाई-यंत्र यंदा नाही. आणि शाळेची सहल, जिच्यासाठी वर्ग गेले सहा महिने उड्या मारत होता, तीही नाही. ती ओळ मॅनेजरने स्वतः लिहिली आणि स्वतः खोडली. खोडताना डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तिने खडूची धूळ गेली असं सांगितलं.

"पोटाला चिमटा बसेल," ती म्हणाली. "पण घर जागचं हलत नाही. पास."

पुढच्या महिन्यात तिघं नोंदणी कार्यालयात गेली. बाबा आले, पण 'मी फक्त साक्षीदार' असं दोनदा म्हणाले. निवृत्त नर्स आधीच बाकावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मोठ्या खोलीत पंखे घरघरत होते, खिडकीमागे एक कारकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"खरेदीदाराचं नाव?" कारकून म्हणाला.

आईने स्वतःचं नाव सांगितलं.

"यजमानांचं?"

"ते साक्षीदार," आई म्हणाली. बाबांनी मान डोलावली, जरा नाखुशीने, पण डोलावली.

"कर्ज कुठल्या बँकेचं?"

"नाही."

"नाही म्हणजे? मंजुरीचं पत्र आणलं नाही?"

"कर्जच नाही."

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "ताई, आजकाल कोणी रोख पैशाने घेत नाही. बचत अशी गुंतवून मोकळं व्हायचं नसतं. राहतं घर असेल ना तुमचं? त्यावर उचलायचं आणि—"

"राहतं घर आहे," आई म्हणाली, "आणि ते राहतंच राहणार."

मॅनेजरला मध्ये बोलायचं होतं, जीभ नुसती वळवळत होती. पण आईला आज कोणाची गरज नव्हती. तिने आपला हात आईच्या खांद्यावर ठेवला, एवढंच.

"ठीक आहे, ठीक आहे," कारकून पुटपुटला आणि फॉर्म खिडकीतून पुढे सरकवला. "पण हा तारणाचा रकाना रिकामा सोडून चालत नाही. काहीतरी लिहावं लागेल."

"द्या इकडे," आई म्हणाली. तिने बाबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि त्या लहानशा चौकटीत, रेघांच्या बाहेर जाईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलं: नाही.